मी उमरठला गेलेली असताना

४ ऑक्टोबर, सकाळ

डायरी मिळाली. बियाणांच्या दुकानदारानं भावजींना जानेवारीतच दिलेली, ती आतापातूर पत्र्याच्या पेटीत पडून व्हती. मला सातवीपातूर शाळा हाय, अक्षर चांगलं हाय, आन मनात काय काय येत असतं. म्हणून घेतली. कोण वाचणार नाय. सुगंधाला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, चष्मा लागलाय पण तिनं करून घेतला नाय. भावजी बाईमाणसाच्या वस्तूला हात लावत नायत. म्हातारपणी माझं मला वाचायला होईल. अजून वेळ हाय, आता कुठं अठ्ठावन्न.

आजपासून मिशेरी बंद. खोटं बोलणं बंद. शेजारच्या बनुबाईला दिवसातनं एकदाच चिडवायचं.

४ ऑक्टोबर, दुपार

दाढ ठणकली म्हणून जराशी मिशेरी लावली. औषध म्हणून. ती धरायची नाय.

५ ऑक्टोबर

घरात कोणी कोणाशी बोलत नाय. कारण अंकिता. भावजींची पोरगी. ती लांबचं पळते. शाळेतल्यासारखं या झाडापासून त्या झाडापातूर नाय, दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर. कॉलेजात बुद्धरत्न सरांनी तिला ही गोडी लावली. कॉलेज संपलं, गोडी नाय संपली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भावजी एसटीनं घाट चढत व्हते. गाडी गच्च, चढाला कण्हत चाललेली. बाजूनं हाफ पँटीतली एक पोरगी पळत आली आन गाडीच्या पुढं निघून गेली. गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टर भावजींनाच म्हणाला, कोणाची पोर हाय हो, काय पळते. भावजींनी खिडकीतनं दुसरीकडं बघितलं. घरी येऊन म्हणाले, पळणं बंद, दिवाळी झाली की स्थळं बघायची.

भावजी, म्हणजे दत्ताराम, गावच्या पालखीचे मानकरी. सोवळंओवळं कडक. त्यांच्यापुढं सुगंधा बोलत नाय. मी बोलले असते, पण मी त्यांच्या मेलेल्या भावाची बायको. बोलले की ते पेपर वाचायला घेतात.

६ ऑक्टोबर

सरांचा अंकिताला फोन आला. माझ्या मोबाईलवर, कारण तिचा भावजींनी कपाटात ठेवलाय. जानेवारीत पाचाडला शर्यत हाय. एकवीस किलोमीटर, शेवटी रायगडच्या अंगाचा चढ. पहिल्या तिघींना पुण्याच्या हॉस्टेलात घेणार, तिथं राहून शिकायचं आन पळायचं. पण त्यासाठी आतापासनं लांबचं पळणं पायजे. रोज गुरं सोडायला जाताना पळते ते पुरणार नाय. अख्खी सकाळ पायजे.

पोरगी परसात जाऊन रडली. मी म्हटलं, रडू नको, तुझी काकी हाय. आजपासून सर पोलादपूरचे कोच, मी घरची कोच.

अजून काय करायचं ते सुचलं नाय. सुचेल.

९ ऑक्टोबर

सुचलं. माझ्याच डोक्यात यायचं असलं.

अंकिता आज बाहेरची झाली. आमच्याकडं अजून चार दिवस मागच्या पडवीत बसायला लागतं. पालखीचं घर, म्हणून. कोणी शिवायचं नाय, ताट उंबऱ्याबाहेर ठेवायचं, गड्यांनी तिकडं मान पण वळवायची नाय. आतापातूर मला ही पडवी म्हणजे तुरुंग वाटायची. तीस वर्सं मी पण बसलेय तिथं, सरपण आन कोंबड्यांच्या सोबतीनं. पण त्या पडवीला मागं एक दार हाय. ते थेट नदीच्या वाटेला उतरतं. चार दिवस अख्ख्या घरात ज्या एका माणसाकडं कोणी बघत नाय, ते माणूस अंकिता.

म्हटलं, पळ. पोटात दुखत नसलं तर पळ. म्हणाली, दुखत नाय काकी, पण आई ताट ठेवताना हाक मारते, ओ कोण देणार?

ओ मी देणार. माझा भाऊ मालोजी उमरठला असतो. पुढच्या दारानं पिशवी घेऊन निघाले. मालोजीची कंबर धरलीय, चार दिवस त्याच्याकडं राहते, असं सांगितलं. गोठ्याला वळसा मारून मागच्या दारानं पडवीत शिरले. अंकिता बुटाच्या नाड्या बांधत व्हती. तिची शाल पांघरून मी भिंतीकडं तोंड करून पडले. पोरगी वाऱ्यासारखी खाली गेली.

खोटं बोलायचं नाय म्हटलेलं, पण हे माझ्यासाठी नाय. दुसऱ्याच्या कामाचं खोटं वेगळं.

१० ऑक्टोबर, उमरठ (म्हणजे पडवी)

लय उकडतंय. कोंबडी पायावर बसली. खोकला आला तर शालीत तोंड घालते. परसाकडं जायची मोठी पंचाईत, गल्लीतली माणसं पांगेपातूर दम धरायला लागतो.

सुगंधानं ताट ठेवलं. ‘घेतलंस का गो?’ मी ‘हं’ म्हटलं. भाकरी, वालाचं बिरडं, भात. आता हे ताट कोणी खायचं? परत पाठवलं तर पोरगी आजारी हाय असं वाटणार. अंकितासाठी ठेवलं तर मुंग्या. म्हणून खाल्लं. चटणी आन अर्धी भाकरी तिला ठेवली. ती दुपारी आली, तेवढीच खाल्ली, भूकच मेलीय म्हणाली. बरंच हाय. गाडीत माल कमी असला की चढाला बरी ओढते.

संध्याकाळी बनुबाई बाहेरच्या दगडावर येऊन बसली. अंकिताशी गप्पा मारायला. अंकिता नदीवर पाय धूत व्हती, आत मी. बाई तासभर माझ्यावर बोलली. तुझी काकी तोंडाळ, तुझी काकी खादाड, तुझ्या काकीनं माझ्या लुगड्याला आंब्याचा डाग पाडला आन शपथ घेऊन नाय म्हणाली. मला एकेका वाक्याला चार-चार उत्तरं येत व्हती. सगळी गिळली. नुसतं ‘हं’ म्हणायचं. माझ्याच निंदेला मीच हुंकार देत बसले.

अख्ख्या दिवसात तिला एकदापण चिडवलं नाय. संकल्प पाळला गेला.

१३ ऑक्टोबर

उमरठहून परत आले. भावजींनी विचारलं, मालोजी कसा हाय. म्हटलं, हाय, उठतो धरून धरून.

अंकिताचं टायमिंग सुधारलं. सर फोनवर खूश. मंग तिला सांगा म्हणून मला काय काय सांगायला लागले. पोरींनी आपले दिवस ध्यानात ठेवायचे, कोणाचे पाय त्यावेळी जड पडतात, कोणाला फरकच पडत नाय, हरेकीचं वेगळं. पाळी चुकायला लागली तर लपवायचं नाय, आन पळतो त्या हिशोबानं खायचं. गडीमाणूस असून असलं बोलतात. मलाच लाज वाटली, मी फोन कानापासून लांब धरला. पण मतलब ध्यानात आला. या चार दिवसांत पोरगी सुसाट सुटते. आतापातूर बायकांना कोंडून घातलं, नायतर घाटातल्या सगळ्या एसट्या मागं पडल्या असत्या.

हा शोध माझा. सरांना नंतर सांगेन.

३ नोव्हेंबर

कापणी जोरात. आजपासून अंकिता पुन्हा पडवीत.

एक बारीक गोष्ट. ती म्हणते, काकी, पाळी आलीच नाय. मी म्हटलं, येईल, रस्त्यात असंल. तिची वाट बघत बसलो तर शर्यत जाईल. आन नाय आली तर धुवायची कटकट वाचली. इतकं पळणाऱ्या बाईला कुठून उरणार अंगात.

मी उमरठला निघाले. भावजी विळा घेऊन उभे व्हते. म्हणाले, ऐन कापणीत बरी माहेरची आठवण येते. म्हटलं, मालोजीला मुतखडा निघालाय. बिचारे विळा घेऊन शेताकडं वळले.

५ नोव्हेंबर, पडवी

बाहेर सगळी खळ्यावर. हसण्याचे आवाज येतात. गडी चांगूनं काय तरी चावटपणा केला असणार, बायका ओरडतायत. मला तिथं असायला पायजे व्हतं. खळ्यावरची माझी बडबड गावाला ठाऊक हाय, माझ्याबिगर झोडणी अळणी. आन मी हितं शालीत, लाकडावरची घूस मोजत. एकच हाय.

मी वीस वर्सांची असताना चार दिवस बसायचे. आता पाळी जाऊन दहा वर्सं झाली, आन पुन्हा आत. नशिबाची काय चेष्टा हाय बघा. हे गेले तवा वाटलेलं, आता आपल्याला कोण अडवणार. आता मीच मला अडवून बसलेय, ते पण स्वखुशीनं.

पण टायमिंग अजून कमी झालं. पाळी नसताना पण. म्हणजे पडवीतले दिवसच अंगाला ठाऊक असतात, पाळी येवो न येवो. शोध पक्का झाला.

मिशेरी उद्यापासून बंद. आत करमत नाय म्हणून लावते.

२० नोव्हेंबर

सर म्हणतात, आता लांबचं पळणं वाढवू. मंग पडवी पण वाढवायला पायजे. अंकिता आज पुन्हा बाहेरची.

बनुबाई दारातच भेटली. ‘परवाच तर बसली व्हती गो पोरगी.’ मी म्हटलं, बनुबाई, तुमच्या वेळी सगळं बैलगाडीनं यायचं, आता हायवे झालाय. ती हसली नाय. माझ्याकडं वरून खाली बघितलं आन म्हणाली, उमरठचं पाणी मानवलेलं दिसतंय तुला.

जळते.

२२ नोव्हेंबर, पडवी

सुगंधा हल्ली ताट लय मोठं वाढते. चार भाकऱ्या, वर तूप, काल दोन उकडलेली अंडी. पडवीतल्या बाईला अंडी आमच्या घरात कधी दिली नायत. लेकीला त्रास होतोय असं तिला वाटत असणार. बोलत नाय ती, वाढते. सगळं संपवता संपवता माझी दमछाक. पण रिकामं ताट गेलं पायजे, त्यावरच सगळं सोंग उभं हाय. अंकिताला एक अंडं ठेवणार व्हते. मंग वाटलं, पळून आल्यावर जड पडेल.

ब्लाऊजचे हूक लागेनात. टेलरनं कापड आटवलं.

२ डिसेंबर

अंकिताची नडगी दुखते. रात्रीची पण दुखते म्हणते. काल चढावर थांबली. कधी थांबत नाय ती. गाल बसलेत, केस कंगव्याला भरून येतात. मी खोबरेल चोळलं, कोचचं काम असतं ते.

सरांनी सरळ विचारलं म्हणे, पाळी नीट येते का. तिनं खरं सांगितलं, ऑक्टोबरनंतर नाय. सर म्हणाले, महाडला लेडी डॉक्टर हाय, आधी तिला दाखव, मंग पळ. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, शर्यत झाली की जाऊ. डॉक्टरकडं गेलं तर भावजींना कळणार, भावजींना कळलं तर पडवी बंद, पडवी बंद तर पुणं बंद. इतक्या जवळ येऊन कोण थांबतं.

तिनं मान हलवली. ती पण थांबायला तयार नाय. दोघी एका शालीत अडकलोय.

संकल्प: शर्यतीनंतर डॉक्टर. शर्यतीनंतर मिशेरी. शर्यतीनंतर खरं बोलणं. सगळं एकदम सुरू करणार, सोपं पडतं.

१० डिसेंबर

अंकिता बाहेरची. मी उमरठला. मालोजीला दवाखान्यात ठेवलाय असं सांगितलं. भावजी म्हणाले, मी येऊ का बघायला? लय भला माणूस. म्हटलं, नको, तो कोणाला वळखत नाय.

जरा जास्त झालं. पण तोंडातनं निघून गेलं.

१२ डिसेंबर, सकाळ, पडवी

आज फक्कड बेत. सुगंधानं सुकटीचं कालवण

१२ डिसेंबर, संध्याकाळ

सकाळचं वाक्य तिथंच राहिलं. आता लिहिते तसंच्या तसं. माझी चूक कुठं नाय हे दिसून येईल.

जेवत व्हते. पुढच्या ओटीवर कोणाचा तरी खणखणीत आवाज. मालोजी. माझा भाऊ. खांद्यावर नाचणीचं पोतं घेऊन चालत आलेला, ते पण वाटेत कुठं न बसता. पोरीचं साखरपुड्याचं आवतण द्यायला. भावजी तर उठून त्याला धरायलाच गेले म्हणे. मालोजी विचारतो, काय झालं तुम्हाला? भावजी विचारतात, तुम्हाला काय झालं? मालोजी म्हणतो, मला काय व्हायचंय, हौसा कुठं हाय? भावजी म्हणाले, तुमच्याकडं.

मी कालवणाचा घास गालात तसाच धरून बसलेले. पुढच्या दारानं जावं तर मालोजी. मागच्या दारानं जावं तर दगडावर बनुबाई, पाय पसरून. जन्मात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते.

तेवढ्यात मोटरसायकल आली. बुद्धरत्न सर. मागं अंकिता, एक पाय हवेत धरून. चढावर पाय टाकवेना म्हणून बसली, तिथून चक्कर आली. सरांनी तिला उचलून थेट घरी आणली. त्यांना काय ठाऊक पडवीचं. त्यांनी पोरीला तिच्या बापापुढं, पुढच्या ओटीवर ठेवली. बापाच्या हिशोबानं ती मागच्या पडवीत ताट संपवत व्हती.

पडवीच्या उंबऱ्याशी पावलं वाजली. सुगंधा. यावेळी तिनं हाक मारली नाय. शिवाशिव विसरून आत आली, माझ्या अंगावरची शाल बाजूला केली आन ताटाकडं बघितलं.

‘आक्का, या आता बाहेर.’

मला वाटलं व्हतं ती किंचाळेल. तिच्या चेहऱ्यावर नवल पण नव्हतं. तेच जास्त लागलं.

१३ डिसेंबर

महाडला गेलो. भावजी, सुगंधा, अंकिता. मला कोणी चल म्हणालं नाय, पण जीपमध्ये जागा व्हती, मी बसले. एमआयडीसीच्या शिफ्टच्या गाड्या सुटलेल्या, फाट्यावर अर्धा तास अडकलो. भावजी सबंध वाट पुढं बघत.

डॉक्टर अनुपमा. तरुण हाय, पण बोलते समजुतीनं. विचारलं, शेवटची पाळी कधी? भावजी दारातनंच म्हणाले, आताच तीन दिवसांपूर्वी, पोरीला तर महिन्यातनं दोन-दोनदा येते. अंकिता खाली बघून म्हणाली, ऑक्टोबरनंतर आलेली नाय.

भावजी विचारात पडले. त्यांच्या डोक्यात एकच हिशोब चाललेला, मंग चार-चार दिवस बसायची ती कोण. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा बाळाचा फोटो बघत व्हते. चांगला फोटो हाय.

डॉक्टरनं नडगीचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. म्हणाली ते असं: पळायला जेवढं लागतं तेवढं पोटात जात नाय, म्हणून अंगानं आधी पाळी बंद केली, मंग हाडं पोसणं कमी केलं. हाडाला बारीक चीर पडायला लागलीय. पाळी गेली म्हणजे पळणारीला सुटका झाली असं नाय, ते अंगानं दिलेलं बोलावणं हाय. पळणं वाईट नाय, पाळीत पळणं पण वाईट नाय, उपाशी पळणं वाईट. आता दोन महिने पळायचं नाय, पोटभर खायचं, पाळी परत आली की हळूहळू सुरू करायचं.

अंकितानं एकच विचारलं, पाचाड? डॉक्टर नाय म्हणाली. पोरगी रडली नाय, नुसता हात घातला माझ्या पदराला, लहानपणी घालायची तसा. मंग सोडला.

डॉक्टर म्हणाली, घरात हिच्याकडं जेवणाचं कोणी बघत नव्हतं का? तवा सुगंधा बोलली. आमच्या घरात पहिल्यांदा, नवऱ्यापुढं, परक्यापुढं.

‘पहिल्याच खेपेला मला कळलेलं आत कोण हाय. मिशेरीचा वास माझ्या लेकीला येत नाय. मी गप्प बसले, म्हटलं पळू दे तिला. दोघींचं वाढत व्हते, आक्का. तुमचं आन तिचं.’

चार भाकऱ्या. दोन अंडी. दोघींचं.

माझ्याजवळ उत्तर व्हतं. मुंग्यांचं. पण दवाखान्यात मोठ्यानं बोलू नये, पाटी व्हती.

१५ डिसेंबर

बनुबाईला पण ठाऊक व्हतं. पहिल्या दिवसापासून. म्हणाली, म्हणून तर येऊन बसायची, तुला उत्तर देता येत नाय अशी संधी पुन्हा कवा मिळणार. आन आंब्याच्या डागाला तू हुंकार दिलास, आता नाय म्हणू नको.

म्हणजे सगळ्या बायकांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या भावजींना. माझी फसवणूक झालीय, पण कोणाला सांगणार.

१९ डिसेंबर

भावजी सात दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आज जेवताना बोलले, माझ्याशी नाय, अंकिताशी. म्हणाले, मी पळणं बंद असं बोलून बसलो, घरच्या बायका खोटं वागल्या, आन हाड मोडलं तुझं. मंग भात कालवत म्हणाले, ‘बरी झालीस की पळ. पण पुढच्या दारानं जा. आन जेवून जा.’

स्थळांचं पुढच्या वर्सावर टाकलं.

हे मी केलं. मी पडवीत बसले नसते तर हा दिवस आला नसता. अंकिताला हे समजावायला गेले. ती म्हणाली, काकी, जरा पाय दुखतोय, मंग बोलू.

१८ जानेवारी

डायरी डिसेंबरात संपली. सुरवातीची पानं कोरी व्हती, ती आता वापरते. जानेवारीला जानेवारी आली, बरोबर बसलं.

आज पाचाडची शर्यत. सगळी गेली बघायला. सरांनी अंकिताला पाण्याच्या टेबलावर उभी केली, पळणाऱ्यांना ग्लास द्यायला. मला घरात म्हणाले, कोंबड्या बघा. बघितल्या.

संध्याकाळी आली. शर्यतीला महाडची एक पोरगी पहिली आली, जिला अंकितानं गेल्या वर्षी मागं टाकलेली. ती चढावर पाणी घ्यायला थांबली तवा अंकितानं तिला सांगितलं, पुढं वळणावर श्वास राखून ठेव. हे सुगंधानं सांगितलं. अंकिता जेवली आन झोपली. ताटात काय ठेवलं नाय तिनं. मी बघत व्हते. आता बघायचं हाय, असं ठरवलंय.

पुण्याचं हॉस्टेल या वर्षापुरतं गेलं. पुढच्या वर्षी मी असणारच कोच म्हणून.

१ फेब्रुवारी

मिशेरी सोडली. दुपारपातूर.

अंकिता चालते आता, पुढच्या दारानं, भावजी मागून सायकल घेऊन. सरांनी कागदावर लिहून दिलंय कधी किती चालायचं, कधी काय खायचं. सुगंधानं चष्मा करून घेतला, ते वाचायला. मला कोणी विचारत नाय, पण मी ओटीवर उभी राहून हातानं खूण करते, हळू, हळू. भावजींना वाटतं मी माश्या वारतेय.

१९ फेब्रुवारी

बनुबाई पाणी भरताना म्हणाली, झाली ना गो एकदाची पोरगी बाहेरची. मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, तुला नाय सांगितलं?

काल आली पाळी. डॉक्टरला फोन पण झाला, ती खूश, सर खूश. पुढच्या आठवड्यापासून धावायला सुरवात. अंकितानं आधी आईला सांगितलं, आईनं भावजींना. भावजींनी सरांना सांगितलं. भावजींनी. अख्ख्या वाडीत एकटी मी राहिले, मला बनुबाईनं.

तर आता पडवी. मी म्हटलं, निदान पडवी तरी, आमचा जुना अड्डा. पिशवी घेतली, गोठ्याला वळसा मारला, मागच्या दारानं आत गेले. कोणी नव्हतं. भावजींनी तिथं मागच्या आठवड्यात कांदे पसरलेत. अंकिता पुढच्या ओटीवर उन्हात बसून भाकरी खात व्हती, पायाला गरम पाण्याची पिशवी. भावजी तिकडं मान न वळवता पेपर वाचत व्हते, पण ओटीवरनं तिला उठ म्हणाले नायत.

मी पडले जरा कांद्याशेजारी. सवय झालीय अंगाला. डोळे मिटून वाट बघितली. ‘घेतलंस का गो’ असं कोणी म्हणालं नाय. कोंबडी आली, तिनं बघितलं आन ती पण गेली.

दीड वाजला तवा उठले आन सैपाकघरात जाऊन हातानं वाढून घेतलं. एक भाकरी उरली व्हती.